ओळखीची राखण : भाऊसाहेबांच्या तोतयापासून आजच्या तोतयापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी मला याच इमारतीत सातवी-आठवीला इतिहास शिकविला. कोणतेही जुने पत्र किंवा बखरीतला उतारा वाचून दाखविण्यापूर्वी ते फळ्यावर तीन प्रश्न लिहीत असत. सांगणारा कोण? त्याला हे कळले कसे? आणि सांगण्यात त्याचा लाभ कोणता? त्या वयात हे प्रश्न परीक्षेपुरते वाटले. ते व्यवहारातही किती मोलाचे आहेत हे मला फार उशिरा आणि थोडी किंमत मोजून समजले. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या किमतीतून निघाला आहे, म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

गतवर्षी एका दुपारी माझ्या भ्रमणध्वनीवर एका वर्गमित्राच्या नावाने संदेश आला. छायाचित्र त्याचेच होते. क्रमांक नवा होता, पण 'जुना फोन हरवला' असा खुलासाही सोबत होता. त्याने मला वर्गातल्या टोपणनावाने हाक मारली होती. त्या नावाने मला हाक मारणारे आता फार थोडे उरले आहेत. परगावी इस्पितळात आहे, तातडीने चाळीस हजार रुपये हवेत, घरी कळवू नकोस, असा मजकूर होता. मी रक्कम पाठविली. रात्री चैन पडेना म्हणून त्याच्या घरच्या जुन्या क्रमांकावर विचारपूस केली, तर फोन त्यानेच उचलला. तो घरी सुखरूप होता आणि नुकताच जेवून उठला होता.

रक्कम परत मिळाली नाही. मला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट. आमचे टोपणनाव, तुकडी, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, जन्मतारीख आणि पत्ता हे सर्व माजी विद्यार्थ्यांच्या एका स्मरणिकेत आम्हीच हौसेने छापून घेतले होते. पुढे तिची प्रत फोनाफोनी कुठल्या कुठे गेली. चोराला कुलूप फोडावे लागलेच नाही. किल्ली आम्ही दारातच टांगली होती.

या प्रकाराला आज 'ओळखचोरी' म्हणतात. शब्द नवा असला तरी कृत्य नवे नाही. मराठीत त्यासाठी फार पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे : तोतया. आणि मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या तोतयाचे पारिपत्य करण्यात ज्यांचा वाटा मोठा होता, ते महादजी शिंदे आपल्या ग्वाल्हेरचेच. तेव्हा या शहरात, या शाळेत, हा विषय परका नाही.

पानिपतानंतरची पोकळी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. विश्वासराव पडले, पाठोपाठ सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. शिंद्यांच्या घरातील जनकोजी आणि तुकोजी त्याच रणाला बळी पडले. महादजी पायाला जबर जखम होऊन वाचले. त्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचविले, ही कथा ग्वाल्हेरकरांना सांगावयास नको.

भाऊसाहेबांच्या मृत्यूचा पुरावा नव्हता असे नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या वृत्तांतात प्रेताची ओळख कशी पटविली ते लिहून ठेवले आहे. शिर नसलेल्या धडावर जुन्या कट्यारीच्या जखमेचा व्रण होता. मुजफ्फरखान गारद्याच्या कटात भाऊंवर झालेल्या हल्ल्याची ती खूण. शिवाय नित्य शेकडो सूर्यनमस्कार घालणाऱ्याच्या हातांवर आणि गुडघ्यांवर जे घट्टे पडतात, तेही तेथे होते. शुजाउद्दौल्याच्या खटपटीने दहन झाले. अंगावरील जन्मखुणा आणि सवयीच्या खुणा यांवरून माणूस ओळखण्याचे हे उदाहरण आजच्या तपासनीसालाही मान्य व्हावे असे आहे.

परंतु ही ओळख पटली उत्तरेत, शत्रूच्या छावणीत. पुण्याला शनिवारवाड्यात जी माणसे वाट पाहत होती, त्यांनी देह पाहिला नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या होत्या. त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला तोही सुवासिनी म्हणूनच. बावीस वर्षे एका स्त्रीने कपाळावरचे कुंकू पुसले नाही. त्या निष्ठेपुढे आपण नम्रच झाले पाहिजे. पण बाहेरच्या जगाला त्या कुंकवाचा अर्थ निराळा लागला असणार. ज्यांच्या घरचे कोणी परत आले नव्हते अशी घरे महाराष्ट्रात गावोगाव होती, आणि भाऊ जिवंत असतील तर आपलाही माणूस कुठेतरी असेल, ही आशा त्या प्रत्येक घरात होती.

तोतया उगवतो तो अशा जमिनीत. ज्याचा मृत्यू लोकांनी मनाने स्वीकारला आहे, त्याचे सोंग घेऊन फारसे काही साधत नाही. ज्याची वाट पाहिली जाते, त्याचेच सोंग फळते.

सुखनिधान

पानिपतानंतर चार-पाच वर्षांतच उत्तरेत भाऊसाहेब म्हणून एक इसम प्रकट झाला. नाव सुखनिधान, कनोजी ब्राह्मण, मुलूख बुंदेलखंडाकडचा. चेहरेपट्टीत भाऊंशी काही साम्य होते असे सांगतात. त्याच्याभोवती माणसे जमू लागली, तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याला पकडवून पुण्यास आणविले. चौकशीत तो तोतया ठरला. त्याला देहान्त शासन झाले नाही. त्याला कैदेत ठेवले गेले, आणि शेवटी त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यावर झाली.

माधवरावांच्या हयातीत हे प्रकरण येथेच थांबले. कारण उघड आहे. दौलत एका कर्त्या पुरुषाच्या हाती होती, त्यामुळे तोतया खरा ठरून कोणाचा मोठा लाभ होण्यासारखा नव्हता. गुरुजींचा तिसरा प्रश्न येथे आठवावा.

पुढे परिस्थिती पालटली. १७७२ मध्ये माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाई कारभार पाहू लागले, आणि राघोबादादा १७७५ मध्ये सुरतेचा तह करून इंग्रजांच्या आश्रयास गेले. गादीवर दोन वर्षांचे मूल, कारभारी आपसांत साशंक, आणि घरातला वडील माणूस परक्यांच्या छावणीत. अशा वेळी भाऊसाहेबांसारखा वडीलधारा पुरुष जिवंत आहे असे कोणी म्हटले, तर ते अनेकांना सोयीचेच वाटणार होते.

१७७६ सालचे बंड

त्या वर्षी रत्नागिरीकडील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने सुखनिधानाला मोकळे केले आणि हेच खरे भाऊसाहेब असा पुकारा केला. श्रोतेहो, या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. तोतयाने तुरुंग फोडला नाही. ज्याच्या हाती राखण होती त्यानेच दार उघडले. आजही ओळखीच्या चोरीत पुष्कळदा असेच घडते. दूर कोठेतरी बसलेला अज्ञात चोर आपल्याला दिसतो, पण त्याला आपली माहिती पुरविणारा बहुधा असा कोणीतरी असतो की ज्याच्याकडे ती आपण विश्वासाने ठेवली होती.

पाहता पाहता तोतयाजवळ वीस हजारांच्या आसपास जमाव झाला. कोकणातील किल्ले त्याच्या ताब्यात जाऊ लागले, आणि तो बोरघाटाच्या रोखाने राजमाचीपर्यंत आला. एकदा चौकशी होऊन तोतया ठरलेल्या, वर्षानुवर्षे कैदेत असलेल्या माणसामागे एवढी माणसे कशी गेली? त्यांत भोळी माणसे होती, नाराज माणसे होती, आणि सत्य माहीत असूनही सोय पाहणारी माणसे होती. पहिल्यांची आशा, दुसऱ्यांचा राग आणि तिसऱ्यांचा स्वार्थ. या तिन्ही गोष्टी तोतयाने निर्माण केल्या नव्हत्या. त्या आधीच हजर होत्या, त्याने त्यांना फक्त एक चेहरा दिला.

पुणे दरबाराच्या सुदैवाने कारभाराच्या आणि फौजेच्या मुख्य जागी अशी माणसे होती, की ज्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिले होते. नाना फडणीस स्वतः पानिपतावर भाऊंच्या सहवासात होते. महादजी त्या रणात लढले होते. त्यांना ऐकीव गोष्टींवर विसंबण्याचे कारण नव्हते. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाचा पराभव केला. तो कुलाब्याकडे पळाला, तेथे आंग्र्यांनी त्याला धरून सरकारच्या स्वाधीन केले. पुण्यास पुन्हा चौकशी झाली, आणि १८ डिसेंबर १७७६ रोजी त्याला देहान्त शासन देण्यात आले. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी या घटनेवर नाटक लिहिले आणि 'तोतयाचे बंड' हे शब्द घरोघर पोहोचले.

दुसऱ्यांदा चौकशी का झाली, याचा विचार करण्याजोगा आहे. सत्ता हाती आणि आरोपी बेडीत असताना सरळ शिक्षा देता आली असती. पण ज्या समाजाचा एक भाग फसला आहे, त्याची नुसत्या शिक्षेने खात्री पटत नाही. ओळखीचा वाद पुराव्यानेच मिटावा लागतो.

कागदाची राखण

मराठ्यांच्या दफ्तरात ओळखीच्या रक्षणाचे शास्त्र पुष्कळ प्रगत होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपेल तेथे मोर्तब. मोर्तबाचा उद्देशच असा की, त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. लांब कागद जोडून केलेला असेल तर पाठीमागे जोडावर शिक्के उमटवीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. महत्त्वाचा कागद अनेक अधिकाऱ्यांच्या हातून जाई आणि प्रत्येक जण आपली खूण करी. एक हात फितूर झाला तरी बाकीचे हात शाबूत राहावेत, ही त्यामागील दृष्टी.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांचीही सोय होती. पाटील सहीच्या जागी नांगर काढी, वाणी तराजू, न्हावी आरसा. त्याला निशाणी म्हणत. पण नांगर कोणालाही काढता येतो, मग बनावट कशी टळत असे? तर ती निशाणी साक्षीदारांच्या समक्ष होई. खरी राखण चित्रात नव्हती, समक्षतेत होती.

दुष्काळात किंवा धामधुमीत परागंदा झालेला वतनदार, अथवा आपण त्याचा मुलगा आहोत असे सांगणारा कोणी, वर्षांनी गावी परतला की वाद गोतसभेपुढे जाई. तेथे दावा सांगणाऱ्याच्या वर्णनावर निवाडा होत नसे. बलुतेदारांना विचारीत, शेजारच्या गावच्या जाणत्यांना विचारीत. ज्यांना त्या वतनातून काही मिळावयाचे नव्हते, त्यांच्या साक्षीला मोल असे. म्हणजे आमच्या गुरुजींचे तीन प्रश्न या गोतसभांना ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

अंगठ्याचा ठसा

साक्षीदारांची ही पद्धत ज्या गावात सर्व जण एकमेकांना ओळखतात तेथे चालते. अनोळखी माणसांचा व्यवहार वाढला तसा दुसरा मार्ग शोधावा लागला, आणि तो याच देशात सापडला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या करारावर राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या सबंध हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे त्यांनी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदविणाऱ्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. कारण मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसे वेतन उचलीत. हा तोतयाचाच धाकटा भाऊ.

१८९७ मध्ये कलकत्त्याला अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी बसविले, आणि जगभर ती पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. ओळख पक्की करणाऱ्यांचीच ओळख अशी पुसली जावी, हा इतिहासाचा विनोद कडवट आहे.

त्याच ठशाच्या पायावर पुढे आधार क्रमांक उभा राहिला. पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिले गेले. ज्यांच्याजवळ कसलाही कागद नव्हता त्यांना ओळख मिळाली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु एक भेद ध्यानात ठेवावा. मुद्रा चोरीस गेली तर नवी पाडता येते. अंगठा नवा करता येत नाही. म्हणून त्याची राखण अधिक दक्षतेने झाली पाहिजे.

आजचा तोतया

आजच्या तोतयाला फौज लागत नाही की चेहऱ्याचे साम्य लागत नाही. आपले नाव, जन्मतारीख, आधार आणि पॅन क्रमांक, आणि फोनवर येणारा परवलीचा आकडा एवढे त्याला पुरते. तो आपल्या नावाने कर्ज काढतो, सिमकार्ड घेतो, आपल्या मित्रांकडे पैसे मागतो. किंवा पोलीस अधिकाऱ्याचे सोंग घेऊन पडद्यावर 'डिजिटल अटक' करतो. अशी अटक भारतीय कायद्यात कोठेही नाही, हे प्रत्येकाने घरातील वृद्धांना आवर्जून सांगावे.

कायद्याने या अपराधाची दखल फार पूर्वीच घेतली आहे. १८६० च्या दंडसंहितेत तोतयेगिरीने फसविण्याचे स्वतंत्र कलम होते, आणि ज्याचे सोंग घेतले तो माणूस काल्पनिक असला तरी गुन्हा होतो असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमाने घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क या इंग्रजी 'सी' कलमात दुसऱ्याची सही, परवलीचा शब्द किंवा ओळखखूण अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण देहान्त शासनाची भीतीही सुखनिधानाला थांबवू शकली नाही. शिक्षा गुन्ह्यानंतर येते. राखण आधी करावी लागते.

ती कशी करावी, हे आपण पाहिलेल्या इतिहासातूनच निघते.

पहिली गोष्ट, ओळख सांगणाऱ्याच्या तोंडून ओळख पटवून घेऊ नये. संदेश आला तर आपल्याला पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर, आपल्या वाटेने, उलट चौकशी करावी. माझे चाळीस हजार एका फोनने वाचले असते. तो फोन मी केला, पण रात्री केला. 'घरी कळवू नकोस' हे वाक्य आले की तेथेच थांबावे. गोतसभेला टाळू पाहणारा दावेदार खरा नसतो.

दुसरी, कागदाला मोर्तब करावे. ओळखपत्राची छायाप्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेस दिली ते लिहून सही करावी. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती चालत असेल तेथे तीच द्यावी. बोटांच्या ठशांचा वापर कुलूपबंद करण्याची सोयही आहे.

तिसरी, परवलीचा आकडा कोणालाही सांगू नये. आपला मोर्तब परक्याच्या हाती देऊन, त्याने काय लिहिले ते उद्या पाहू, असे कोणता कारभारी म्हणेल?

चौथी, अधूनमधून आपले दफ्तर तपासावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते शासनाच्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते. कोणती कर्जे आहेत ते पतमाहिती संस्थांच्या अहवालात दिसते, आणि असा एक पूर्ण अहवाल प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. फोनचे जाळे अकारण एकाएकी गेले तर कंपनीकडे त्वरित चौकशी करावी. आपल्या क्रमांकाचे दुसरे कार्ड कोणी काढलेले असू शकते.

पाचवी, फसलोच तर लाजू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि बँकेलाही. पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव असतो. मी लाजेपायी एक रात्र आणि एक दिवस गप्प बसलो. चाळीस हजार गेले त्यांत तोतयाची हुशारी किती आणि माझी लाज किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

शेवटची विनंती

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला ते सांगून थांबतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांची नवी सूची निघावयाची आहे असे कळते. ती अवश्य निघावी. ग्वाल्हेरातील मराठी घरे नोकरीधंद्यासाठी दूरदूर गेली आहेत, त्यांना जोडणारा धागा म्हणजे ही शाळा. पण त्या सूचीत नाव, तुकडी आणि गाव एवढेच छापावे. जन्मतारीख, घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक शाळेच्या कपाटात राहावेत. एखाद्याला मित्राचा क्रमांक हवा असेल तर त्याने शाळेला विचारावे, शाळेने त्या मित्राची संमती घ्यावी, मग द्यावा. यात थोडा विलंब होईल. परंतु रत्नागिरीच्या किल्ल्याची गोष्ट आपण ऐकली. ज्याच्याकडे राखण आहे त्याने दार उघडले की पुढे बोरघाटापर्यंत फौजा पाठवाव्या लागतात.

पार्वतीबाईंनी आशा सोडली नाही म्हणून त्यांना कोणी दोष देऊ नये. मित्र संकटात आहे असे वाटून मी धावलो, याचाही मला पश्चात्ताप नाही. हाक आली की धावावे, हे याच शाळेने शिकविले. फक्त धावण्यापूर्वी, फळ्यावरच्या त्या तीन ओळी एकदा वाचाव्यात, हेही याच शाळेने शिकविले होते, आणि मी ते विसरलो होतो. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.